ढोकीचं चिपाड, क्रोमचं पाणी

सकाळी ६.३०
ढोकीतल्या रसवंतीमागे कालच्या चिपाडाचा ढीग. आंबूस वास, माशा. चिपाडानं पाण्यातला क्रोम काढता येतो का, यावर संशोधन करणारी एक मुलगी वाकून गोणी भरतेय. साखर कारखान्याचा बगॅस का नाही? तो बॉयलरला लागतो, उरला तर वजनावर विकला जातो. हे फुकट. "न्या की ताई, पण गोणी तुमची," रसवंतीवाले मामा म्हणतात. गोणीही बघून घ्यावी लागते. खताची चालत नाही, सुपर फॉस्फेटात कॅडमिअमचा अंश असतो. साखरेची चालते.

८.००
धाराशिवची एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टर गोणीकडे बघतो, बोलत नाही.

९.३०
कॉलेजची प्रयोगशाळा. खरं काम धुण्याचं. बादलीतलं पाणी तपकिरी, चिकट. ओता, भरा, चोळा. साखर राहिली तर बुरशी धरते. कुसळं बोटांत घुसतात. पाणी नितळ आलं की शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. त्याचा कॅन मात्र विकतचा. मग चिपाड रात्रभर ओव्हनमध्ये.

११.३०
काल वाळवलेलं आज मिक्सरमध्ये. भांडं तापतं, थांबावं लागतं. भुसा नाकात जातो, तोंडाला ओढणी. साठ नंबरच्या चाळणीतून पडेल तेवढंच घ्यायचं. वर राहिलेलं पुन्हा मिक्सरमध्ये. गोणीभर चिपाडाची भुकटी बरणीत मावते.

१.००
भाकरी, शेंगाचटणी. हात दोनदा धुऊन.

१.३०
हातमोजे. पोटॅशिअम डायक्रोमेट, नारिंगी खडे. यातला क्रोम कर्करोग करणारा. २.८२९ ग्रॅम लिटरभर पाण्यात, म्हणजे १००० मिलिग्रॅम क्रोमिअम. त्यातलं २० मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटरभर. आम्ल घालून पीएच २. आम्लात चिपाडाच्या भुकटीवर धन भार येतो आणि ऋण भाराचा क्रोमेट तिकडे ओढला जातो. शंभर मिलिलिटरला एक ग्रॅम भुकटी. फ्लास्क शेकरवर. वीज गेली तर हातानं हलवत बसायचं.

४.४५
गाळणकागदातून थेंब थेंब. घाई केली तर कागद फाटतो, आणि तो स्वस्त नाही. गाळलेल्या पाण्यात डायफेनिल कार्बाझाइड. भुकटी न घातलेल्या नळीला गडद जांभळा रंग, तीन तास हललेल्या नळीला फिकट गुलाबी. ५४० नॅनोमीटरवर आकडे वहीत उतरतात. मुलगी हसते, पण थोडंच.

कारण हा रंग फक्त सहा संयुजेच्या क्रोमचा. आम्लात चिपाड त्यातल्या काही क्रोमचं तीन संयुजेच्या क्रोममध्ये रूपांतर करतं. ते कमी विषारी, पण पाण्यातच राहू शकतं आणि या नळीत दिसत नाही. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा एकूण क्रोमिअमची आहे: लिटरला ०.०५ मिलिग्रॅम.

५.४५
परतीची एसटी. सातला ढोकीत दहावीच्या शिकवण्या, गाळणकागदाचे पैसे त्यातूनच. क्रोम धरलेली भुकटी झाकणाच्या डब्यात, वर 'घातक' अशी चिठ्ठी. ती जाळायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. एकूण क्रोमिअम मोजायचं यंत्र इथं नाही. नमुने बाहेर पाठवायचे, आणि दर नमुन्याला पैसे मोजायचे.