ढोलकपूर कुठं आहे जी?

आमच्या दवनीवाड्यात ज्या घरी लहान मूल आहे आणि टीव्ही आहे, त्या घरी ‘छोटा भीम’ ठरलेला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन कंपनीच्या राजीव चिलका यांची ही हसवणारी कार्टून मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. नऊ वर्षांचा भीम, राजू, चुटकी, जग्गू बंदर, टुनटुन मावशीचे लाडू, राजा इंद्रवर्मा आणि त्याचे ढोलकपूर. मुलांना हे सारे तोंडपाठ असते. पाढे पाठ नसतात, ही गोष्ट वेगळी.

आम्हांलाही ही मालिका आवडते आणि ते सांगण्यात कमीपणा वाटत नाही. दिवसभर रजिस्टरे भरून आल्यावर पोरांसोबत चटईवर बसून हसले की थकवा उतरतो. आपल्या घरांत तिची गोडी जरा जास्तच, कारण नाव भीम! नायकाचे नाव महाभारतातल्या भीमावरून घेतलेले आहे. पण आपल्या पोरांना महाभारताआधी भिंतीवरचा फोटो ओळखू येतो. त्यामुळे हा भीम म्हणजे लहानपणचे बाबासाहेबच, असे आमच्या वस्तीतील कितीतरी चिमुरडी धरून चालतात.

विहारात रविवारी आम्ही मुलांचा वर्ग घेतो. तिथे एका मुलीने विचारले, “काका, ढोलकपूर कुठं आहे जी?” ते कुठेच नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न तयार होता: मग ते कोणत्या काळातले? राजा आहे, तलवारी आहेत आणि मधूनच क्रिकेटचा सामनाही आहे! इंग्रज खलाशी भारतात पहिल्यांदा क्रिकेट खेळल्याची नोंद १७२१ ची, गुजरातेत खंबायतच्या किनाऱ्यावरची. म्हणजे काळाचा मेळ बसत नाही. मग मुलांना चुका शोधायचा नादच लागला. मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, ते तर भारतात १४९८ साली पोहोचले, हे ऐकून पोरे आमच्याकडे बघतच राहिली. भिवापुरी मिरचीशिवाय आपल्या पूर्वजांनी भाजी खाल्ली कशी? मिरी आणि पिंपळीवर भागवत, असे सांगितले. त्या दिवशी घरोघरी आयांना हे ऐकावे लागले असणार.

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. भीम उठसूट लाडू खातो, त्याचे पैसे कोण देतो? राजवाडा कोणाच्या धानावर उभा आहे? ढोलकपुरात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया सहसा दिसत नाहीत. आपल्या भागाचा इतिहास मात्र अशा हातांनीच घडवला आहे. गोंदिया-भंडाऱ्याचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पोरांनी डुंबून पाहिले आहेत; पण ते खोदले कोणी, हे त्यांना ठाऊक नव्हते. गोंड राजांच्या काळात त्यांच्या उत्तेजनाने कोहळी समाजाने यातले कितीतरी तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावाने सांगितला जातो.

राजकन्या इंदुमतीला भीम वाचवतो, यावर मुलींचा आक्षेप होता. आम्ही त्यांना गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीबद्दल सांगितले. १५६४ साली अकबराच्या सरदाराशी, आसफखानाशी लढताना तिने देह ठेवला. जबलपूर आपल्याला परके नाही, तरी ही राणी मुलींनी पहिल्यांदाच ऐकली.

आणि नऊ वर्षांचा भीम! त्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलाची हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, कारण ती त्यांचीच आहे. साधारण १९०१ साली ते भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर जात कळताच कोणी बैलगाडी देईना. दुप्पट भाडे कबूल केले, तरी गाडी मुलांनीच हाकायची ठरली. गाडीवान शेजारून चालला. सोबत डबा होता, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. हे सांगितले तेव्हा वर्गात चुळबूळ थांबली. एका पोराने एवढेच विचारले, “त्याच्याजवळ लाडू नव्हता काय?”

आता जे खुपते तेही लिहिले पाहिजे. या मालिकेत भीमावर जळणाऱ्या, दर वेळी फजिती होणाऱ्या दांडगट पोराचे नाव कालिया आहे. चित्रात तो कितपत काळा आहे, हा प्रश्न नाही. नाव पुरेसे आहे. आमच्या वर्गातील एका सावळ्या मुलाला शाळेत सारे ‘कालिया’ म्हणू लागले आणि त्याने दोन आठवडे शाळेची वाट सोडली. घरी कारण सांगितले पोटदुखीचे. त्याच्या आईने बिड्या वळता वळता आम्हांला विचारले, “भाऊ, टीव्ही बंद करू का?” आम्ही नको म्हणालो. बंद केलेला टीव्ही शेजारी सुरूच असतो. पुढच्या रविवारी आम्ही वर्गात विचारले की हे नाव कोणी ठेवले आणि वाईट पोराला हेच नाव का. मुले बराच वेळ भांडली. तो मुलगा काही बोलला नाही, पण सोमवारी शाळेत गेला. चिडवणे पुरते थांबले, असे आम्ही म्हणणार नाही.

हल्ली मुलांना खरे ढोलकपूर हवे आहे, म्हणून आम्ही पवनीचे नाव काढले. आपलीच वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यात पवनीला जाते. तिथे १९६९-७० साली डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. कोरीव खांब निघाले, नागराज मुचलिंदाचे शिल्प निघाले आणि त्यावर ब्राह्मीत त्याचे नाव! दगडांवर दान देणाऱ्यांचीही नावे आहेत. ती आपल्याला वाचता यावीत म्हणून मुलांनी ब्राह्मीची अक्षरे वहीत गिरवायला घेतली आहेत. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह, हे कळल्यापासून गणिताच्या वहीतही ब्राह्मी शिरली आहे.

धान कापून झाले की एसटीने पवनीला जायचे ठरले आहे. डबा ज्याने त्याने घरून आणायचा. लाडवांची जबाबदारी दोन आयांनी घेतली आहे.