खुनी कोण? त्याहून मोठा प्रश्न: का?

बूढा तलावाकाठचा बूढापारा ही रायपूरची जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहराचं मराठीशी नातं आहे. १९५६ पर्यंत इथली राजधानीही नागपूरच होती. इथल्या मराठी रहस्यप्रेमींसाठी थोडी शिदोरी:

■ घरचा वारसा: बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे नायक त्यांचेच. पुढे सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी उभे केले.

■ हार्डबॉइल्डचा (रोखठोक, कठोर गुन्हेकथेचा) उगम: अमेरिकेतलं ‘ब्लॅक मास्क’ मासिक (१९२०). त्यात लिहिणारा डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन संस्थेत गुप्तहेर होता.

■ मनाचा तळ: डोरोथी ह्यूज यांच्या ‘इन अ लोनली प्लेस’मध्ये (१९४७) आपण सतत खुन्याच्याच मनात वावरतो, प्रत्यक्ष खून मात्र पानावर दिसत नाहीत. जिम थॉम्पसनच्या ‘द किलर इनसाइड मी’त (१९५२) खुनी पोलीस अधिकारीच कथा सांगतो. रॉस मॅकडोनाल्डच्या ‘द गॉल्टन केस’मध्ये (१९५९) हरवलेल्या मुलाचा शोध घराण्याच्या जुन्या जखमांपाशी पोहोचतो.

■ कसं वाचावं: सावकाश. पुराव्यांइतकंच निवेदक काय टाळतो, तिकडे लक्ष द्यावं. खरा गुन्हा तिथेच उलगडतो.