पिवळ्या दाण्याची ओळख

सोयाबीनच्या जेएस ३३५ या वाणाच्या बियाण्यात जेएस ९५-६० या लवकर येणाऱ्या वाणाचे बियाणे मिसळले, तर पेरणीच्या दिवशी ते कोणाच्या लक्षात येत नाही. पंचाईत होते ती काढणीला. ९५-६० सुमारे ८५ दिवसांत पक्व होतो, ३३५ ला ९५ ते १०० दिवस लागतात. थांबावे तर वाळलेल्या शेंगा तडकून दाणे मातीत जातात. कापावे तर उरलेली झाडे हिरवीच. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने फुलातून भेसळ फारशी होत नाही. ती होते मळणीयंत्रात, खळ्यावर, न झटकलेल्या पोत्यात.

भारतातल्या बहुतेक वाणांचा दाणा पिवळाच, म्हणून परीक्षकाची नजर आधी नाभीकडे जाते. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो तिथली ही खूण काळी, तपकिरी, करडी किंवा पिवळी असते. ३३५ ची काळी. दुसरी खूण वाळूत उगवलेल्या रोपात आठवडाभरात दिसते. बीजदलांखालचा कोवळा दांडा जांभळट असेल तर पुढे फूल जांभळे येते, निव्वळ हिरवा असेल तर पांढरे. दोन्ही रंग एकाच जनुकाच्या हाती असल्याने फुलोऱ्याची वाट पाहावी लागत नाही. उभ्या पिकात मग पान, लव आणि शेंग पाहायची. ३३५ ची शेंग बिनलवेची, दोन-तीन दाण्यांची. जेएस ९३-०५ हा आणखी एक वाण आणि ९५-६० यांच्या बऱ्याच शेंगांत चार दाणे भरतात.

डोळ्यांना फरक दिसेनासा झाला की पेरॉक्सिडेज चाचणी कामी येते. दाण्याची साल सोलून परीक्षानळीत टाकतात, तिच्यावर ०.५ टक्के ग्वायाकॉलचे दहा थेंब सोडतात आणि दहा मिनिटे थांबतात. मग ०.१ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एकच थेंब. मिनिटभरात द्रव तांबूस तपकिरी झाला तर सालीत पेरॉक्सिडेज हे विकर भरपूर आहे. पाण्यासारखा राहिला तर नगण्य. महागडे यंत्र नाही, दाण्यागणिक निकाल मिळतो आणि शंभर दाण्यांतले चार परके चटकन वेगळे दिसतात. इतक्या स्वस्तात इतके सांगणारी चाचणी विरळाच.

तिची मर्यादाही तिथेच आहे. उत्तरे दोनच, वाण मात्र शेकड्यांनी. दोन्ही वाण रंग देणारे असतील तर चाचणी मुकी होते. शिवाय साल ही मातृझाडाची ऊती. संकरातून आलेल्या पहिल्या दाण्याची सालही आईचीच ओळख सांगते, आतला गर्भ कोणताही असो. प्रथिने विजेच्या प्रवाहाने पट्ट्यापट्ट्यांत वेगळी करणारे विद्युतसंचारण मात्र दाण्याच्या आत शिरते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १२७ मध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन प्रतिरोधक या प्रथिनाचा पट्टा उमटत नाही, म्हणून हा पट्टा असलेल्या वाणांपासून तो लगेच वेगळा ओळखता येतो. बाकीच्या अनेक वाणांचे पट्टे जवळपास सारखे, कारण त्यांची वंशावळ थोड्याच पूर्वजांशी जाऊन मिळते. अशा जोड्या सोडवायला डीएनए चिन्हके लागतात.

शारीरिक लक्षणेही दगा देतात. मोझॅक विषाणू लागला की नाभीचा रंग सालीवर पसरून दाणा ठिपकेदार होतो, एका बुरशीने तो जांभळा डागाळतो. दाण्याचे वजन तर पाऊस नि जमिनीप्रमाणे बदलते. म्हणून नाव ठरवताना नाभी, फूल, लव, शेंग आणि पेरॉक्सिडेज हे सारे एकत्र धरावे लागते. एकटी चाचणी बहुधा इतकेच सांगते, की हा तो वाण नव्हे.

मळणीनंतर भेसळ निवडून काढणे जवळजवळ अशक्य. घरचे बियाणे राखणाऱ्याने फुलोऱ्यात आणि शेंगा पिवळ्या पडताना ओळीओळीने फिरून वेगळी दिसणारी झाडे उपटावीत, आणि मळणीयंत्र आपल्या खळ्यावर येताच आधी झाडून घ्यावे.