बर्लिनचा उदारमतवादी ज्यू समाज आणि त्याचे कसोटीचे दशक

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ज्यू समाजात धर्मसुधारणेची जी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी अशी धारणा होती की धर्माज्ञांचा अर्थ प्रत्येक पिढीने आपल्या काळाच्या संदर्भात नव्याने लावायचा असतो, आणि म्हणून उपासनेची भाषा, संगीत व प्रार्थनांचे शब्द यांतही बदल करता येतात. या विचाराचे सर्वांत भव्य रूप बर्लिनमध्ये ओरानियनबुर्गर रस्त्यावरील ‘नव्या सिनेगॉग’मध्ये पाहायला मिळे. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. १८६६ मध्ये खुल्या झालेल्या आणि सुमारे ३,२०० आसने असलेल्या या वास्तूत लुई लेवांडोव्स्की यांनी स्वरबद्ध केलेल्या प्रार्थना गायकवृंद ऑर्गनच्या साथीने गात असे. शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी वाद्य वाजवणे सनातन्यांना निषिद्ध वाटत असल्याने हा ऑर्गन दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. शेजारच्या ख्रिस्ती समाजाला रुचावे म्हणून धर्म पातळ केला जात आहे, असा सुधारकांवरचा मुख्य आक्षेप होता. १९३३ नंतरच्या दहा वर्षांत या आक्षेपाची जी परीक्षा झाली, तिच्याइतकी कठोर परीक्षा कोणत्याही धर्मपंथाच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. त्याच वर्षी देशातील ज्यू संघटनांनी मिळून एक मध्यवर्ती प्रतिनिधिसंस्था स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद लिओ बेक यांच्याकडे आले. १९१२ पासून बर्लिनमध्ये असलेले बेक हे उदारमतवादी रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचा अधिकार मिळालेले आचार्य, असूनही सनातन्यांना आणि झायनवाद्यांना, म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र उभारू पाहणाऱ्यांना, सारखेच मान्य होते. त्यांनी नव्या प्रार्थना रचण्याच्या सुधारकी परंपरेचा उपयोग कसा केला, हे १९३५ च्या शरद ऋतूत दिसून आले. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्ग कायदे नुकतेच झाले होते आणि योम किप्पूर, म्हणजे उपवास व पापकबुलीचा वर्षातील सर्वांत पवित्र दिवस, जवळ आला होता. त्या संध्येसाठी बेक यांनी देशभरच्या सिनेगॉगांकडे एक प्रार्थना पाठवली. तिच्यात ईश्वरापुढे स्वतःच्या पापांची कबुली होती. पण ज्यूंवर आणि त्यांच्या धर्मावर रचलेली असत्ये आपण तिरस्काराने पायदळी तुडवतो, असेही तिच्यात तितक्याच स्पष्टपणे म्हटले होते. गुप्त पोलिसांनी तिच्या वाचनास बंदी घातली आणि बेक यांना काही काळ अटकेत ठेवले. पापकबुलीचा विधी जसाच्या तसा राखून त्यातून खोट्या आरोपांची कबुली मात्र नाकारणारी ही रचना, उदारमतवादी उपासनेने त्या शतकात दिलेल्या सर्वांत मोलाच्या लेखनांपैकी एक मानली पाहिजे.

या समाजाचे दुसरे केंद्र म्हणजे १८७२ मध्ये सुरू झालेले ज्यू विद्येचे उच्च शिक्षणपीठ. तेथे रब्बी घडवले जात आणि बेक स्वतः तेथे अध्यापन करीत. याच संस्थेत शिकलेल्या रेगिना योनास यांनी स्त्रीला रब्बीपद देता येते काय, या प्रश्नावर १९३० मध्ये प्रबंध लिहिला. आधुनिक हक्कांची भाषा दूर ठेवून त्यांनी हलाखा, म्हणजे परंपरागत ज्यू धर्मनियम, यांच्याच आधारे हा अधिकार सिद्ध केला. शिक्षणपीठाने मात्र त्यांना हे पद दिले नाही. अखेर १९३५ मध्ये ओफेनबाखचे रब्बी माक्स डीनेमान यांनी परीक्षा घेऊन त्यांना दीक्षा दिली. पुढे रब्बी तुरुंगात गेले किंवा देशांतर करू लागले, तेव्हा वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांत मागे राहिलेल्यांना धीर देण्याचे काम त्यांच्याकडे आले. सुधारकही जे तत्त्वतः द्यायला कचरत होते, ते संकटाने व्यवहारात देऊ केले, हे खेदाने नोंदवावे लागते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री फाझानन रस्त्यावरचे उदारमतवादी सिनेगॉग जाळण्यात आले. नवे सिनेगॉग त्या रात्री वाचले ते ओटो बेल्गार्ट या पोलीस अधिकाऱ्यामुळे. त्याने ती संरक्षित वास्तू असल्याचे सांगून जाळपोळ थांबवली. परदेशातून निमंत्रणे येत असूनही बेक यांनी बर्लिन सोडले नाही. मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष, शहरात आहेत तोवर आपली जागा येथेच आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९४२ च्या उन्हाळ्यात शिक्षणपीठ बंद पाडले जाईपर्यंत ते मोजक्या विद्यार्थ्यांना शिकवत राहिले.

जानेवारी १९४३ मध्ये त्यांना टेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले. सत्तरीच्या उंबरठ्यावरचे बेक तेथे कचऱ्याची गाडी ओढत आणि दाटीवाटीने जमलेल्या बंद्यांना प्लेटो, कांट आणि ज्यू विचारवंतांवर व्याख्याने देत. ऑशविट्झमध्ये विषारी वायूने माणसे मारली जातात, हे त्यांना तेथेच एका सहबंद्याकडून कळले. परंतु मरणाची वाट पाहत जगणे अधिक असह्य होईल असे मानून त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. या निर्णयावर पुढे कठोर टीका झाली आणि ती निराधार म्हणता येत नाही, कारण ज्या परंपरेने प्रत्येक व्यक्तीच्या विवेकाला धर्मनिर्णयाचा अधिकार दिला, तिच्याच नेत्याने येथे इतरांच्या वतीने निर्णय घेतला. मात्र सुटकेचा मार्गच नसलेल्या ठिकाणी सत्य सांगण्याने काय साधले असते, याचे उत्तर टीकाकारांपाशीही नव्हते.

मुक्ततेनंतर बेक लंडनला गेले आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या प्रागतिक ज्यू धर्माच्या जागतिक संघाचे अध्यक्ष म्हणून काम पाहत राहिले. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये उभी राहिलेली बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंची, ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ ही त्याच प्रवाहातली. ऑशविट्झमधून वाचलेले ह्यूगो ग्रिन १९५७ मध्ये तिचे रब्बी म्हणून मुंबईत आले. रेगिना योनास मात्र १९४४ मध्ये ऑशविट्झला मारल्या गेल्या, आणि त्यांना ओळखणाऱ्या हयात सहकाऱ्यांनी, बेक यांनीही, त्यांच्याविषयी जाहीरपणे काही सांगितले नाही. परिणामी १९७२ मध्ये अमेरिकेत सॅली प्रीझँड यांना दीक्षा मिळाली तेव्हा त्याच जगातील पहिल्या स्त्री रब्बी मानल्या गेल्या. योनास यांचा प्रबंध आणि दीक्षापत्र ही कागदपत्रे पूर्व बर्लिनमधील दफ्तरात पडून होती; ती अभ्यासकांच्या हाती लागली ती बर्लिनची भिंत पडल्यानंतर, १९९१ मध्ये.