कावीळ नव्हे, नुसता आकडा!

नोकरीची मेडिकल असो की सहज केलेली रक्ततपासणी, रिपोर्टमध्ये बिलिरुबिनपुढे १.८ किंवा २.२ असा आकडा दिसला की घरात पहिला शब्द निघतो तो कावीळ. आमच्या महिला मंडळातल्या एकीच्या लेकीचं असंच झालं. मुलगी चांगली ठणठणीत. पण आजीने लगेच तेल-तूप तोडलं, मुठभर लाह्यांवर ठेवलं, गळ्यात काविळीची माळ घातली. आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा वाढलेला!

वाढणारच होता. आपल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हा पिवळा रंग तयार होतो. यकृतातलं एक एन्झाइम त्याला पाण्यात विरघळेल असं करतं, मग तो पित्तावाटे बाहेर जातो. काहींच्यात हे एन्झाइम जन्मतःच साधारण एक तृतीयांश काम करतं. हा गिल्बर्ट सिंड्रोम. १९०१ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरांनी तो नोंदवला, त्यांचंच हे नाव. शंभरातल्या तीन ते दहा जणांत तो असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो.

अशा माणसाने पोट रिकामं ठेवलं की आकडा चढतो. हरतालिकेचा निर्जळी उपवास, ताप, अतिश्रम, पाळीचे दिवस, सगळ्यांनी तेच होतं. दोन दिवस नीट जेवलं की उतरतो. आणि श्रेय मिळतं माळेला!

मात्र 'गिल्बर्ट'चा शिक्का आपला आपण मारायचा नाही. डॉक्टर पाहतात की वाढलंय ते फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन का, एसजीपीटी वगैरे ठीक आहेत का, हिमोग्लोबिन चांगलं आहे का, म्हणजे रक्तपेशी जास्त मोडत नाहीत ना. आकडा बहुधा तीनच्या आतच राहतो. हे सगळं जमलं तर औषध नाही, पथ्य नाही. यकृत खराब होत नाही. सोयरीक मोडण्यासारखं तर यात काहीच नाही, हे मी ठासून सांगते. कॅन्सरच्या काही औषधांचा त्रास मात्र अशांना जास्त होऊ शकतो, म्हणून तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, नव्या डॉक्टरांना दाखवा.

लघवी गडद पिवळी, शौचाला पांढुरकं, अंगाला खाज, उलट्या, ताप असं काही असेल तर ती खरी कावीळ समजून लगेच दवाखाना गाठा. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही थांबू नका. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.