बोटाएवढ्या फांदीवरचा सुतार

दक्षिण सह्याद्रीतल्या बांबूच्या बेटात टकटक ऐकू आली की नजर आपसूक जाड खोडांकडे वळते. ती तिथून काढून बोटाएवढ्या वाळक्या फांद्यांवर न्यावी. टकटक करणारा पक्षी जेमतेम दहा सेंटिमीटरांचा आहे, वजन दहा-बारा ग्रॅम; चिमणीसुद्धा त्याच्या दुपटीने भरते. हा स्पेकल्ड पिक्युलेट, सुतारांमधला बुटका. पाठ शेवाळी हिरवी, पांढुरक्या पोटावर काळे ठिपके, डोळ्यावरून गडद पट्टा. नराच्या कपाळावर नारिंगी झाक असते.

मोठा सुतार ताठ शेपटीचा टेकू खोडाला लावून घाव घालतो. पिक्युलेटची शेपटी आखूड आणि मऊ, टेकूच्या कामाची नाही. पण दोन बोटे पुढे, दोन मागे अशा पकडीच्या जोरावर तो काटकीला उलटा लटकतो, बुलबुलासारखा फांदीवर आडवाही बसतो. मला यात उणीव दिसत नाही. मोठ्या सुताराचा भार जिथे पेलणार नाही, तिथल्या मुंग्या, त्यांचे कोष आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या याच्या वाट्याला येतात. चोच लाकूड टोकरते, लांब चिकट जीभ आतून भक्ष्य ओढते. पोकळ बांबूवर चोच पडली की एवढ्याशा जिवाचा आवाज दूरवर घुमतो. रामगंगा, माशीमार अशा छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात तो हिंडतो. थवा आला की म्हणूनच थांबावे, एकेक काटकी पाहावी.

वाळक्या फांदीत किंवा बांबूत नर-मादी मिळून घर कोरतात. दार साधारण रुपयाच्या नाण्याएवढे. आत पांढरी अंडी असतात, आणि ती दोघेही उबवतात.

त्याच्या गोतावळ्याचे कोडे मात्र मला सगळ्यात विलक्षण वाटते. 'पिकुम्नस' या प्रजातीत पंचवीसहून अधिक जाती आहेत. आशियात त्यातली हीच एक. बाकी सगळ्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या. हिमालयापासून बोर्निओपर्यंत पसरलेला हा पक्षी स्थलांतर करत नाही, छोटे पंख समुद्र ओलांडण्याजोगे नाहीत. मग भाऊबंद ॲमेझॉनमध्ये कसे? लक्षावधी वर्षांपूर्वी, हवामान उबदार असताना, आशिया आणि अमेरिकेला जोडणाऱ्या बेरिंगच्या भूसेतूवर जंगल होते. त्या वाटेने पूर्वज पसरले आणि पुढे थंडीने मधली साखळी तोडली, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात.

धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीनुसार त्याला धोका नाही. पण ती यादी एखाद्या विशिष्ट रानाबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडे वाळकी फांदी दिसली की ती तोडायची, जुना बांबू साफ करायचा, याला निगा म्हणतात. त्या निगेत पिक्युलेटचे घरही जाते आणि अन्नही. मऊ, मेलेले लाकूड असल्याशिवाय एवढी लहान चोच घर कोरू शकत नाही. रानातल्या पर्यटन निवासांनी आणि बागायतदारांनी वाटेवर पडण्याचा धोका नसलेल्या वाळक्या फांद्या तेवढ्या झाडावर राहू द्याव्यात.