पाते डोळ्याला लागले, तर कोणते औषध?



कुसगावकडच्या फडांत तोडणी चालू असली की एक तक्रार हमखास कानी येते: "पातं लागलं डोळ्याला." डोळा चोळायचा, पाणी मारायचे आणि पुन्हा कोयता हातात. दोन-चार दिवसांनी डोळा लालभडक होतो, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. 'फूल पडले' म्हणतो, ते पुष्कळदा अशाच जखमेचा शेवट असते.

पात्याच्या धारेने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. आपल्या देशात अशा डोळ्यांत फ्युजेरियम नावाची बुरशी वारंवार सापडते. नाव ओळखीचे वाटेल. उसाला मर आणि पोक्का बोंग आणणारी बुरशी याच कुळातली!

यावर नॅटामायसिन हे जुने औषध होते. पुढे व्होरिकोनॅझोल हे नवे आले. ते डोळ्यात खोलवर उतरते, म्हणून तेच सरस असावे असे बऱ्याच डॉक्टरांना वाटू लागले. पण वाटणे निराळे आणि पारखणे निराळे. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून को ८६०३२ आपल्या रानात आला, तो कुणाला वाटले म्हणून नव्हे. शेजारी जुनी जात लावून, खत-पाणी सारखे ठेवून उतारा मोजला, तेव्हा आला.

डोळ्याच्या औषधांचे तसेच केले गेले. अरविंद नेत्र रुग्णालये आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे विद्यापीठ यांनी मिळून २०१० व २०११ साली दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर चाचणी घेतली. कोणाला कोणते थेंब द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. कोणाच्या डोळ्यात काय पडते हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. हे मुद्दाम. एरवी नव्या औषधाची बाजू नकळत घेतली जाते. आपणही नव्या बियाण्याचे कौतुक जरा जास्तच करतो.

तीन महिन्यांनी नजर मोजली. निकाल २०१३ साली छापून आला आणि जुने औषध जिंकले. नॅटामायसिनवाल्यांची नजर अधिक चांगली राहिली. बुबुळाला भोक पडण्याचे किंवा ते तातडीने बदलण्याचे प्रसंगही त्यांच्यात कमी आले. फ्युजेरियम असेल तिथे फरक मोठा होता. इतर बुरशांत दोन्ही औषधे जवळपास सारखीच ठरली.

काही सभासद विचारतात, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करतात का?" करतात, पण विचारूनच. आपल्या भाषेत समजावून संमती घ्यावी लागते, नैतिक समितीची मंजुरी लागते, आणि चाचणी मध्येच सोडली तरी उपचार नाकारता येत नाहीत. अंगठा उठवण्याआधी कागद वाचून घ्यावा, हे सोसायटीच्या कर्जाला लागू, तसे इथेही.

आमच्या पाहण्यातील एका तोडणी कामगाराने दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणले. लाली उतरली, ठणका थांबला, गडी खूष. आत बुरशी मात्र फोफावत राहिली. आठवड्याने तो डोळ्यांच्या दवाखान्यात पोचला, तोवर त्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळत होता.

म्हणून पाते लागल्यावर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, पट्टी बांधू नये, तूप-मध-दूध काही घालू नये, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. तिथे व्रणाचा किंचित अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, मगच औषध ठरते. नॅटामायसिन मिळाले तर बाटली दर वेळी हलवून घ्यावी, औषध तळाशी बसते. त्या चाचणीत पहिला आठवडा जागेपणी दर तासाला थेंब घालत होते. तेवढे दिवस फडावर जाणे जमणार नाही, हे मुकादमाला आधीच सांगून ठेवावे.